दरडोई एकतीस रुपये

फरीदाबाद
२८ डिसेंबर २०२३

प्रिय अलकाआत्या,

साष्टांग नमस्कार. पत्राला उशीर झाला हे कबूल. लाल पेन जरा बाजूला ठेव आणि आधी पूर्ण वाच. मी आठवीत असताना तू अट घातली होतीस, दिल्लीत वाढणाऱ्या भाच्याचं मराठी टिकवायचं तर मोठ्या गोष्टी फोनवर नाही, पत्रात. सोळा वर्षं झाली, अजून माझी पत्रं चुका दुरुस्त होऊन परत येतात. ऑफिसात कुणाला सांगितलं तर विश्वास ठेवत नाहीत.

आजची गोष्ट तशी मोठीच आहे. या चौदा जानेवारीला आपण पानिपतला, काला अंबच्या स्मारकाजवळ भेटणार आहोत. आमची कन्सल्टन्सी पर्यटकांच्या खर्चाची पाहणी करते हे तुला माहीत आहे. बाबा शेजाऱ्यांना सांगतात की पोरगा ‘टूरिझममध्ये’ आहे, आणि शेजारी मला मनालीच्या हॉटेलांचे रेट विचारतात. प्रत्यक्षात मी फक्त प्रश्न विचारतो. कुठून आलात, किती रात्री राहिलात, चहाला किती गेले, खरेदी काय केली. माणूस घराबाहेर पडला की त्याचा पैसा कुणाच्या तरी गल्ल्यात जातो. असे सगळे गल्ले मिळवून देशाच्या उत्पन्नात पर्यटनाचा वाटा किती, ते ठरतं. सगळ्यांना विचारणं शक्य नसतं, म्हणून थोड्यांना विचारायचं. शितावरून भाताची परीक्षा, तूच शिकवलेली म्हण.

यंदा पानिपत आमच्या यादीत आहे. तुमची बस दर वर्षी तेरा तारखेला ज्या यात्री भवनात उतरते, त्याचं छप्पर गळतं आणि गरम पाणी नाही, ही तुझी जुनी तक्रार. ते भवन दुरुस्त करायचं की बंद करायचं हे या पाहणीवर ठरणार आहे. येणारे लोक गावात पैसे सोडतात असं दिसलं तर त्यांच्यावर पैसे घालतील, नाहीतर नाही. तुझ्या मंडळींना सांगून ठेव, जे काय खर्च करतील ते बिनधास्त सांगा म्हणावं.

तुझा
अंशुमन


कऱ्हाड
४ जानेवारी २०२४

चि. अंशुमन,

खूप मोठा हो, पण पत्रं वेळेवर लिही. तुझं पत्र सोबत परत पाठवते आहे. नऊ चुका आहेत, मागच्या खेपेपेक्षा चार कमी.

आता मुद्द्याचं. आम्ही पर्यटक नाही. सुतकाच्या घरी भेटायला गेलेला माणूस येताना बाजार करून येतो का? तिथून निघताना आपण ‘येतो’सुद्धा म्हणत नाही, उठतो आणि थेट घरी येतो. पानिपत हे आमचं तसं घर आहे. अडीचशे वर्षांपूर्वी गेलेल्यांचं सुतक अजून कसलं, असं तुझे बाबा मला चिडवतात. चिडवू दे. बस काढते मी, नियमही माझा.

या वर्षीची आमची बाविसावी खेप. सूर्यकांत आचारी शेगडीपासून मिठापर्यंत सगळं घेऊन बसतो. पीठ आमचं, तांदूळ आमचे, चहाची पूड आमची. पानिपतात कुणी खरेदी करायची नाही. २००७ साली एका बाईंनी लोणच्याची बरणी घेतली, पुढच्या वर्षी मी त्यांचं नाव यादीत घेतलं नाही. त्यानंतर कुणाची छाती झाली नाही.

खंडेरावांना तू लहानपणी पाहिलं आहेस. एस.टी.तून निवृत्त झाल्यावर आमची पहिली बस त्यांनीच चालवत नेली होती. आता एक्क्याऐंशीचे आहेत, स्टेअरिंग सुटलं, पण ड्रायव्हरशेजारची सीट सोडत नाहीत. प्रीतिसंगमावरून कृष्णेचं पाणी तांब्यात भरून घेतात, तीन दिवस मांडीवर धरून बसतात आणि स्मारकापाशी ओततात. आता सांग, या पाण्याची किंमत तू कुठल्या रकान्यात लिहिणार?

छप्पर गळतं ते गळू दे, पण ते भवन हवं. म्हाताऱ्या माणसांना तेरा तारखेच्या थंडीत पाठ टेकायला तेवढीच जागा आहे. तरी गीझर मिळावा म्हणून कुणाला खोटं बोलायला मी सांगणार नाही. शितावरून भात ओळख, पण शीत कुठल्या पातेल्यातलं आहे ते बघून घे.

अलकाआत्याचे आशीर्वाद


फरीदाबाद
२५ जानेवारी २०२४

प्रिय आत्या,

नमस्कार. तू सगळ्यांसमोर ‘अंशू, स्वेटर घाल’ म्हणालीस आणि माझ्या गळ्यातल्या आयकार्डाची इज्जत तिथेच संपली. तरी मजा आली. सूर्यकांतकाकांचा शिरा मी अजून विसरलेलो नाही.

आमच्या टीममध्ये मराठी मलाच येतं, म्हणून तुमची बस मीच घेतली. यात्री भवनाच्या व्हरांड्यात सतरंजीवर मी आणि टॅब, शेजारी खुर्चीत तू. खरं तर मुलाखत प्रत्येकाची एकट्यानं घ्यायची असते. पण तुला ‘जरा उठतेस का’ म्हणायची हिंमत माझ्यात नव्हती, आणि तू नुकताच शिरा वाढून घेतला होतास. बेचाळीस जणांना मी तोच प्रश्न विचारला, इथे काय काय विकत घेतलं. प्रत्येकानं आधी तुझ्याकडे पाहिलं आणि मग सांगितलं, काही नाही. खंडेराव तर हात जोडून म्हणाले, ‘साहेब, झेंडूची माळ, वीस रुपये. बाकी कशाला हात लावला नाही.’ एवढा आदर मी ऑफिसात कुणालाच मिळताना पाहिला नाही.

तर फुलं-माळा आणि भवनातली देणगी धरून तुमचा आकडा आला, दरडोई एकतीस रुपये. दुसऱ्या ठिकाणी तो हजारांत असतो. माझी बॉस इशिता दोनदा म्हणाली, ‘इतना कम? चेक कर यार.’ मी म्हटलं, माझ्या आत्याला तू ओळखत नाहीस.

एक गंमत सांगतो. संध्याकाळी बाजारात एका ब्लँकेटच्या दुकानात चहा घेतला. मालक म्हणाला, ‘जनवरी में मराठी लोग आते हैं, तब हमारी दिवाली होती है.’ मी म्हटलं, ते दुसरे कुणी असतील, आमच्या लोकांनी सुतळीचा तोडासुद्धा घेतलेला नाही. तो हसला आणि माझ्यासाठी आणखी एक चहा मागवला. दुकानदाराचं म्हणणं आमच्या फॉर्ममध्ये कुठे बसत नाही, आम्ही फक्त प्रवाशांना विचारतो.

रिपोर्ट उन्हाळ्यात जाईल.

तुझा
अंशुमन


कऱ्हाड
१७ फेब्रुवारी २०२४

चि. अंशुमन,

सहा चुका. सुधारतो आहेस.

एकतीस रुपये हा आकडा मी परवा हळदीकुंकवाला सगळ्यांना वाचून दाखवला. म्हटलं, बायांनो, तुमचा संयम आता दिल्लीच्या दप्तरात नोंदला गेला आहे. सगळ्या इतक्या गप्प झाल्या की पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला. भारावल्या होत्या रे बायका. बसमधल्या एका आजीला, अक्षताच्या आजीला, तर ठसका लागला, पाणी द्यावं लागलं. चंद्रप्रभाताई, म्हणजे खंडेरावांच्या मंडळी, वाण घ्यायचं विसरूनच घरी गेल्या.

तुझ्या त्या रिपोर्टात माझं एक वाक्य घाल. म्हणावं, काही माणसं देशासाठी गेलेल्यांना भेटायला येतात, देशाचं उत्पन्न वाढवायला नाही, आणि त्यांनाही रात्री डोक्यावर छप्पर लागतं. घालशील ना?

तुझी आत्या


फरीदाबाद
१८ ऑगस्ट २०२४

प्रिय आत्या,

नमस्कार. सहा महिने पत्र नाही याबद्दल काय लिहू? काम होतं. बाबांचा गुडघा आता बरा आहे, आई त्यांना रोज सेक्टरच्या पार्कात दोन चकरा मारायला लावते.

रिपोर्ट गेला. कस्तुरबा गांधी मार्गावर एका मोठ्या मीटिंगमध्ये मी तो मांडला. डेटा एकदम क्लीन आहे म्हणाले, टाळ्यासुद्धा वाजल्या. भवनाचं अजून पक्कं काही नाही, वरती विचार चालू आहे असं कळतं. तुझं वाक्य घालायला जागा नव्हती, फॉरमॅट ठरलेला असतो.

मला वाटतं, पुढच्या खेपेला सोनीपतला एखादं लॉज आधीच बघून ठेवलं तर बरं. गर्दी वाढते आहे. तू म्हणशील तर मी इथून फोन करतो.

तुझा
अंशुमन


कऱ्हाड
२१ डिसेंबर २०२४

चि. अंशुमन,

तुझं ऑगस्टचं पत्र लॉजच्या काळजीनं लिहिलेलं आहे असं मी समजत होते. म्हटलं, पोरगा आत्याला जपतो आहे.

काल यात्री भवनाकडून पत्र आलं. भवन गोदाम म्हणून भाड्यानं दिलं आहे, यापुढे मुक्कामाची सोय होणार नाही. खाली कारण लिहिलं आहे, पाहणीच्या निष्कर्षानुसार.

पाहणी म्हणजे तुझी का? मला हो किंवा नाही एवढंच कळव, आणि पत्रानं कळव. फोनवर तू बोलण्यात मला गुंडाळशील.

बस निघणार आहे. तेविसावी खेप चुकवायची नाही, असं खंडेराव म्हणतात.

अलकाआत्या


कऱ्हाड
२ फेब्रुवारी २०२५

चि. अंशुमन,

माझ्या डिसेंबरच्या पत्राला तुझं उत्तर आलं नाही. आता मी त्याची वाट बघत नाही. तू कामानिमित्त गुवाहाटीला होतास. खंडेराव गेले हे तुला तुझ्या बाबांनी, भालचंद्रानं, कळवलंच असेल, पण ते कसे गेले हे तुला माझ्या हातानं कळलं पाहिजे. आठ दिवस मी कागद घेऊन बसते आणि उठते.

तेरा तारखेला दुपारी आम्ही पानिपतला पोचलो. बेचाळीस माणसांना एकत्र घेईल असं ठिकाण मिळेना. तीन तास मी रिक्षातून लॉज आणि धर्मशाळा शोधत फिरले. बाकीच्यांना म्हटलं, बाजारात बसजवळच थांबा. शेवटी चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर मागे सोनीपतला एक धर्मशाळा मिळाली. चौदाला पहाटे साडेपाचला पुन्हा पानिपतकडे निघालो, दहाला स्मारकापाशी कार्यक्रम होता.

सहा वाजता धुकं उतरलं. तुला दिल्लीचं धुकं नवीन नाही, मला होतं. ड्रायव्हरला वायपरच्या पुढचं दिसेना. पुढे गाड्या एकमेकींवर आदळल्या होत्या, पोलिसांनी आम्हाला कडेला घेतलं. इंजिन बंद. दहा मिनिटं म्हणता म्हणता साडेबारा वाजले. साडेसहा तास आम्ही त्या बसमध्ये होतो. पुढचं दार नीट लागत नाही, आणि दाराच्या तोंडाशी खंडेरावांची सीट. मागे या म्हटलं तर म्हणाले, ‘बाई, ड्रायव्हरला कुठली थंडी?’ धोतर, वर कोट, मफलर आणि मांडीवर तो तांब्या. ज्यांच्याजवळ शाली होत्या त्यांनी दिल्या. मी माझी दिली. त्या शालींचं काय होणार होतं तिथे? तांब्याला हात लावला तर चटका बसावा इतका गार होता, आणि ते तो खाली ठेवत नव्हते.

नऊच्या सुमाराला ते बोलायचे थांबले. ओठ निळे दिसायला लागले. बसमध्ये कुणी कुणाकडे बघत नव्हतं. मला वाटलं, सगळे घाबरले आहेत. सूर्यकांत शेगडी पेटवू का म्हणत होता, बंद गाडीत कशी पेटवणार? तेवढ्यात ती अक्षता उठली. बावीस वर्षांची पोर, आजीच्या सोबतीला पहिल्यांदाच आली होती. मोठ्यानं म्हणाली, ‘बाई, डिकीत माझ्या आजीचं ब्लँकेट आहे. काल घेतलंय.’

तिच्या आजीनं पदर तोंडाला लावला. मी काही बोलायच्या आत मागून एक आवाज आला, माझंही आहे. मग आणखी एक. मग ड्रायव्हर काही न विचारता खाली उतरला आणि त्यानं डिकी उघडली.

अठ्ठावन्न. मी मोजली, तुझा रोग मला लागला. नवी, प्लॅस्टिकच्या पिशव्यांतली, दुकानाची चिठ्ठी लावलेली अठ्ठावन्न ब्लँकेटं आमच्या पायाखाली होती आणि वर आम्ही कुडकुडत होतो. प्रत्येकीला वाटत होतं की आपणच तेवढं पाप केलं आहे, आणि ते उघडं पडलं तर बाई पुढच्या वर्षी यादीतून नाव काढतील.

नंतर ड्रायव्हरनं मला सगळं सांगितलं. हे वर्षानुवर्षं चाललं आहे. कुणी औषधाचं निमित्त काढतं, कुणी एटीएमचं. दुकानदार माल परस्पर डिकीत आणून टाकतो. कऱ्हाडला माझं घर हायवेलगत, पहिली मी उतरते, आणि मग बस गल्लोगल्ली माल वाटत जाते. यंदा मी तीन तास नव्हते, म्हणून खरेदी जरा सढळ झाली.

खंडेरावांवर आम्ही सहा ब्लँकेटं घातली. उशीर झाला होता. आधी सोनीपत, मग दिल्ली. न्यूमोनिया. भालचंद्र आणि तुझी आई लता रोज दवाखान्यात येत होते, माझ्यासाठी डबा आणत होते, मी भावाशी धड बोललेसुद्धा नाही. एकवीस तारखेला खंडेराव गेले. पाणी स्मारकापाशी पोचलं नाही. तांब्या माझ्याकडे आहे, तसाच भरलेला.

बावीस वर्षं मला वाटायचं, लोक मला मान देतात. ते मला भीत होते. माझ्या धाकानं माणसं थंडीत गप्प बसून राहिली, अंशू. हे मी कुणापुढे बोललेले नाही, तुला लिहिते आहे.

आत्या


फरीदाबाद
१२ फेब्रुवारी २०२५

आत्या,

तू विचारलं होतंस, हो किंवा नाही. हो.

रिपोर्टातल्या त्या वाक्याचं मराठी असं होतं: ‘महाराष्ट्रातून येणाऱ्यांचा स्थानिक खर्च दरडोई एकतीस रुपये असल्याने त्यांच्या निवासव्यवस्थेवर होणारा खर्च समर्थनीय नाही.’ ते माझं वाक्य आहे. कुणी माझ्याकडून लिहून घेतलं नाही. लिहिताना मला तुमची बस दिसत होती, तरी लिहिलं, कारण आकडा तसा होता. ऑगस्टमध्ये मला भवन बंद होणार हे पक्कं माहीत होतं. तुला लॉजचं सुचवलं आणि वाटलं, झालं, आपलं काम आपण केलं. डिसेंबरचं तुझं पत्र तीन आठवडे माझ्या बॅगेत होतं. गुवाहाटीलाही ते बरोबर नेलं होतं.

तू सगळं स्वतःवर घेते आहेस म्हणून बाकीचंही सांगतो. आमच्या फॉर्मच्या शेवटी एक चौकट असते, मुलाखत एकट्याची घेतली का? तू शेजारी शिरा खात बसली होतीस आणि मी बेचाळीस वेळा ‘होय’वर बोट ठेवलं. ‘नाही’ म्हटलं असतं तर तुमची बस पाहणीतून बाद झाली असती आणि मला पुन्हा यावं लागलं असतं. एवढ्याचा कंटाळा केला. दुकानदारानं मला तोंडावर सांगितलं होतं. मी त्याची गंमत करून तुला लिहिली. माणसं प्रश्नाचं उत्तर देण्याआधी तुझ्याकडे का बघतात, हे मला न कळण्याइतका मी नवीन नव्हतो. मला ते गोड वाटलं. आपल्या आत्याचा रुबाब वाटला.

काल मी इशिताला सगळं सांगितलं. ती म्हणाली, ‘मैंने पूछा था ना तुझसे?’ दुरुस्तीचा अर्ज करता येतो. त्यात मला लिहून द्यावं लागेल की चौकटी मी खोट्या भरल्या. त्यानंतर या कामावर मला ठेवतील असं वाटत नाही. बाबांना सांगितलं, ते म्हणाले, दे लिहून. आईनं विचारलं, घराचे हप्ते? बाबा म्हणाले, ते बघू.

पण नुसत्या माझ्या कबुलीनं आकडा बदलत नाही. त्या वर्षी, म्हणजे २०२४ च्या जानेवारीत, कुणी काय घेतलं ते ज्याचं त्यानं सांगायला हवं, सहीनिशी. मी यायला तयार आहे, पण माझ्यापुढे आता कोण तोंड उघडेल? आणि तुझ्यापुढेही. मागू नये, तरी मागतो आहे.

दुरुस्तीनं भवन परत मिळेल याची खात्री नाही. खंडेरावकाकांसाठी तर काहीच नाही.

अंशुमन


कऱ्हाड
१६ मार्च २०२५

चि. अंशुमन,

या खेपेला तुझं पत्र परत पाठवलेलं नाही. माझ्याकडेच ठेवते.

रागावले आहे का, असं तू विचारलं नाहीस, तरी सांगते. चार दिवस रागावले होते. तुझ्या त्या वाक्यावर, तू बॅगेत ठेवलेल्या माझ्या पत्रावर. पाचव्या दिवशी कळलं की तुझ्यावर राग धरला की मला जरा झोप लागते, म्हणून मी तो धरून बसले आहे. मग उठले.

एकट्याची मुलाखत, असं तू लिहिलं होतंस. मी घरोघरी गेले. म्हटलं, २०२४ ला पानिपतात काय घेतलं ते या कागदावर लिहा, सही करा, घडी घाला. मी दाराबाहेर उभी राहते, आणि घडी मी उघडणार नाही. पहिल्या घरी माझ्यावर कुणाचा विश्वास बसेना. अक्षताची आजी म्हणाली, ‘बाई, परीक्षा घेताय का?’ मी म्हटलं, माझीच चालू आहे. तिनं लिहिलं. मग गावभर झालं. उन्हातान्हात लोकांच्या पायऱ्यांवर मी महिनाभर उभी आहे, चपला घातलेल्या, पिशवी हातात. सूर्यकांतनं चिठ्ठी दिली आणि बराच वेळ माझ्याकडे बघेना. त्याचंही काहीतरी होतं तर. असू दे. चाळीस चिठ्ठ्या सोबत आहेत. बेरीज तू कर.

एक्केचाळिसावी माझी आहे. काही घेतलं नाही. हे खरं आहे, पण त्याचा अभिमान उरलेला नाही.

खंडेरावांच्या घरी मी शेवटी गेले. जायचं धैर्य होत नव्हतं. वाटलं होतं, तिथे कागद द्यायची गरजच नाही, त्यांचं उत्तर तुझ्याकडे आहे, झेंडूची माळ, वीस रुपये. चंद्रप्रभाताईंनी मला बसायला खाटेवर ब्लँकेट पसरलं. निळं, मोठ्या गुलाबांचं. मी त्याच्याकडे बघत राहिले. त्या म्हणाल्या, ‘बसा हो बाई, पानिपतचंच आहे.’ दर वर्षी एक आणायचे. लेकींच्या लग्नात दिली, नातवांना दिली. दर वेळी सांगायचे, बाईंना कळू देऊ नको, त्यांच्या जिवाला लागेल.

मला घाबरून नाही, अंशू. माझ्या जिवाला लागेल म्हणून.

मग त्यांनी आतून एक आणलं, पिशवीसुद्धा न काढलेलं. या जानेवारीचं. ड्रायव्हरनं नंतर घरी पोचवलं म्हणाल्या, दुकानाच्या चिठ्ठीवर ‘खंडेराव, कऱ्हाड’ लिहिलं होतं. त्या अठ्ठावन्नांत एक त्यांचं होतं. आम्ही त्यांच्यावर घाईघाईनं जी सहा घातली, त्यात ते नव्हतं. साडेसहा तास ते तिथे बसले होते आणि त्यांचं ब्लँकेट त्यांच्याच पायाखाली होतं.

बेचाळिसावी चिठ्ठी त्यांची. २०२४ सालचं, एक ब्लँकेट, साडेसहाशे रुपये. हा आकडा तुझ्या अर्जात सगळ्यांत वर लिही, आणि वीस रुपयांची माळही लिही, ती खोटी नव्हती. चिठ्ठी चंद्रप्रभाताईंनी लिहिली आहे. ती लिहिताना मी दाराबाहेर उभी होते.

तुझी
आत्या